बाहेरची कडी

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतली एक तरुण आई संध्याकाळी माझ्याकडे आली. घोडबंदर रस्त्यावरच्या या उंच इमारतींत न कळवता कोणी कोणाच्या दारात उभे राहत नाही, त्यामुळे काहीतरी बिनसले आहे हे मी ओळखले. तिचा मुलगा सात वर्षांचा. अजून अधूनमधून अंथरूण ओले करतो, आणि त्याच आठवड्यात त्याने पार्किंगमधल्या मांजराच्या पिल्लाला शेपटीला धरून गरगर फिरवले होते. कोणीतरी तिच्या मोबाइलवर एक मजकूर धाडला होता. अंथरुणात लघवी होणे, आग लावण्याची ओढ आणि मुक्या प्राण्यांचा छळ ही तीन लक्षणे लहानपणी एकत्र दिसली, तर ते मूल मोठेपणी सीरियल किलर होते, असा त्याचा सारांश होता. ‘‘काकू, तुम्ही बायॉलॉजी शिकवायचात ना? तीनपैकी दोन आहेत हो याच्यात,’’ एवढे बोलून ती रडायला लागली.

मी तिला आधी चहा दिला आणि मग या तीन लक्षणांचा जन्म सांगितला. जॉन मॅकडोनाल्ड या मनोविकारतज्ज्ञाने अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये काम करताना १९६३ साली एक निबंध लिहिला. त्याने अभ्यासलेले रुग्ण शंभर होते आणि त्यांनी कोणाला तरी ठार मारण्याची धमकी दिलेली होती. धमकी दिलेली होती, ठार मारलेले नव्हते, आणि एकामागून एक खून करणाऱ्यांचा तर तो अभ्यासच नव्हता. त्यांतल्या ज्यांच्या धमक्या त्याला अधिक गंभीर वाटल्या, त्यांच्या बालपणात ही तीन लक्षणे बऱ्याचदा दिसतात असे त्याचे निरीक्षण होते. पुढच्या संशोधकांनी ते पडताळून पाहिले तेव्हा त्याला भक्कम आधार मिळाला नाही. अंथरूण ओले करणारी मुले तर सातव्या वर्षीही शंभरात पाच ते दहा असतात. मांजराची गोष्ट मात्र मी हसण्यावारी नेली नाही. प्राण्यांना वारंवार आणि मुद्दाम दुखवणाऱ्या मुलाकडे लक्ष द्यावे लागते, कारण पुष्कळदा त्या मुलालाच कोणीतरी दुखवत असते. या मुलाने ते एकदाच केले होते, आणि आई ओरडल्यावर पिल्लाला दूधही नेऊन दिले होते.

ती शांत होऊन घरी गेली, पण मला रात्री झोप लागेना. तिने ज्या नजरेने आपल्या मुलाचा हिशेब मांडला होता, ती नजर मी आमच्या घरात पाहिलेली होती, आणि पुढे वर्गात उभी राहून मी स्वतः ती इतरांना शिकवलीही होती.

मी मूळची नौपाड्यातली. ‘ठाण्याला पाठवा याला’ या वाक्याचा मुंबईकराच्या तोंडी काय अर्थ होतो, हे आम्हा ठाणेकरांना लहानपणीच कळते. १९०१ साली सुरू झालेले मनोरुग्णालय रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला मोठी जागा धरून आहे, ठाणे आणि मुलुंड यांच्यामधले नवे स्थानक त्याच्याच आवारातल्या जमिनीवर व्हायचे आहे. गावाच्या दुसऱ्या अंगाला, खाडीकडे, तुरुंग आहे. पोर्तुगिजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी जिंकलेला किल्लाच पुढे कारागृह झाला, आणि अनंत कान्हेरे व त्यांच्या दोन साथीदारांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिली ती तिथेच. दुसऱ्याचा जीव घेणाऱ्या माणसासाठी समाजाजवळ ज्या दोनच जागा आहेत, त्या दोन्ही आमच्या गावात एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तो दुष्ट असेल तर खाडीकडे, आजारी असेल तर रुळांकडे, अशी आम्हा मुलांच्या मनातली सोपी वाटणी होती.

माझा नानामामा आजारी होता आणि तो आमच्याच घरी राहत असे. आकाशवाणीच्या बातम्यांमधून आपल्याविषयी सांकेतिक काही सांगितले जाते, असे त्याला वाटायचे. तो हळू आवाजात कोणाला तरी उत्तरे देत पडवीत फेऱ्या मारायचा. आई त्याला दर महिन्याला मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात न्यायची. तिथल्या लारगॅक्टिलच्या गोळ्यांनी आवाज कमी व्हायचे, पण अंग जड व्हायचे आणि उन्हात कातडी पोळायची, म्हणून तो ऑक्टोबरातही छत्री घेऊन निघायचा. त्याने कोणावर हात उगारल्याचे मला आठवत नाही. गावातली मुले त्याच्या छत्रीला हसायची, इतकेच.

१९६८ चा पावसाळा आला तेव्हा मी दहा वर्षांची होते. मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांची डोकी रात्री लोखंडी हत्याराने ठेचली जात होती. दोन-तीन वर्षांपूर्वीही असेच हल्ले झाले होते आणि मग थांबले होते. तो मांजर होतो, पोपट होतो, खिडकीतून येतो अशा वावड्या लोकलमधून ठाण्यापर्यंत यायच्या. लोक काठ्या घेऊन गस्त घालू लागले आणि भीक मागणाऱ्या, अनोळखी, जरा विचित्र दिसणाऱ्या माणसाला आधी मारायचे, मग विचारायचे, असे सुरू झाले. आमच्या वाड्यातल्या मंडळींनी आईला अगदी सौजन्याने सुचवले की नानाला रात्री पडवीत झोपवू नये. ‘‘तसा तो काही करणार नाही हो, पण काळ बरा नाही,’’ असे शब्द होते. त्या रात्रीपासून मामा आतल्या कोठीच्या खोलीत झोपू लागला आणि बाहेरून कडी लावण्याचे काम माझ्याकडे आले.

ऑगस्टच्या अखेरीस हे हल्ले करणारा रमन राघव सापडला. रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली तपास चालला होता, आणि अ‍ॅलेक्स फियालो या उपनिरीक्षकाने छायाचित्राच्या आठवणीवरून त्याला रस्त्यात ओळखले. आधी तो काही बोलेना. मग त्याने कोंबडीचे जेवण मागितले, ते मिळाल्यावर बोलू लागला आणि एक्केचाळीस खुनांची कबुली दिली. हा तपशील तेव्हा घरोघरी चघळला गेला, कारण त्यात माणूस राक्षस असल्याचा पुरावा सगळ्यांना मिळत होता. आज मला वाटते की भुकेल्या माणसाने जेवण मागण्यात राक्षसी असे काही नव्हते, पण आपल्याला ते तसे वाटण्याची फार गरज होती.

नेमक्या त्याच वर्षी पाश्चात्त्य वृत्तपत्रांत गुणसूत्रांची एक गोष्ट गाजत होती. पुरुषाच्या पेशीत सामान्यतः एक एक्स आणि एक वाय गुणसूत्र असते, पण हजारात सुमारे एका पुरुषाला वाय दोन मिळतात. १९६५ साली पॅट्रिशिया जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना स्कॉटलंडमधल्या एका सुरक्षाबंदिस्त रुग्णालयात असे पुरुष अपेक्षेपेक्षा बरेच जास्त आढळले, आणि जास्तीचा वाय म्हणजे जास्तीचा पुरुषीपणा, म्हणजेच जास्तीची हिंसा, असे गणित लोकांनी परस्पर मांडून टाकले. १९६६ मध्ये शिकागोत एका रात्रीत आठ तरुण परिचारिकांना ठार मारणाऱ्या रिचर्ड स्पेकला दोन वाय आहेत, असे छापूनही आले. प्रत्यक्षात त्याची गुणसूत्रे अगदी सर्वसाधारण होती. कोपनहेगनमध्ये ४१३९ उंच पुरुषांची तपासणी झाली, त्यांत दोन वाय असलेले बारा निघाले, आणि १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांचे गुन्हे मुख्यतः किरकोळ होते, हिंसेकडे त्यांचा विशेष कल दिसला नाही.

हे सगळे १९७६ चे, आणि मी शिकवायला लागले १९८२ मध्ये. तरीही दोन वायच्या शेजारी ‘गुन्हेगारी प्रवृत्ती’ हे शब्द मी फळ्यावर लिहिले आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतले, कारण माझ्या जुन्या टिपणांत ते तसे होते. अकरावीच्या वर्गात नव्वद मुले असायची. सगळ्या वर्षांची बेरीज केली तर त्यांतला एखादा मुलगा स्वतःच दोन वायचा असणे अशक्य नव्हते, आणि हा विचार मला निवृत्तीनंतर सुचला याची मला लाज वाटते.

खुनी माणसाच्या शरीरात खुनाची खूण शोधण्याची ही धडपड जुनीच आहे. १८३३ साली मध्य हिंदुस्थानात फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या एडिंबरोच्या मस्तकसामुद्रिकांकडे, म्हणजे कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणाऱ्यांकडे, पाठवण्यात आल्या. आश्चर्य असे की त्या शास्त्रानुसार संहारवृत्तीचा म्हणून जो उंचवटा असायला हवा, तो यांतल्या कोणाच्याच कवटीवर फारसा ठळक नव्हता. मग शास्त्र सोडून देण्याऐवजी इतर उंचवट्यांच्या कमीजास्तपणातून उत्तर जुळवले गेले. १८७६ मध्ये इटलीच्या लोंब्रोझो या गुन्हेशास्त्रज्ञाने जन्मजात गुन्हेगाराचे जबडे आणि कान वर्णिले. अगदी अलीकडे, सतरा जणांचे प्राण घेणाऱ्या जेफ्री डामरचा मेंदू संशोधनासाठी जपावा असे त्याच्या आईचे म्हणणे होते आणि तो दहन करावा असे वडिलांचे. १९९५ च्या डिसेंबरात न्यायाधीशांनी वडिलांच्या बाजूने निकाल दिला. त्या आईला काय हवे होते हे मला कळू शकते. काचेच्या बरणीत एखादी गाठ, एखादा व्रण सापडला असता, तर ‘हे माझ्यामुळे झाले नाही’ असे तिला म्हणता आले असते.

याचा अर्थ मेंदूत काहीच सापडत नाही असा नाही, आणि जीवशास्त्राची शिक्षिका म्हणून मी तसे म्हणणारही नाही. एड्रियन रेन यांनी १९९७ मध्ये एक्केचाळीस खुन्यांचे मेंदू तेवढ्याच सामान्य माणसांच्या मेंदूंशी ताडून पाहिले, तेव्हा कपाळामागचा भाग, म्हणजे रागाला आणि ऊर्मीला लगाम घालणारा भाग, खुन्यांमध्ये कमी ग्लुकोज वापरताना दिसला. पण पुढच्याच वर्षी त्यांनी रागाच्या भरात मारणारे आणि थंडपणे बेत आखून मारणारे यांना वेगळे केले, तेव्हा बेत आखणाऱ्यांच्या मेंदूचा हा भाग बऱ्यापैकी शाबूत निघाला. थोडा विचार केला तर ते तसेच असायला हवे. वर्षानुवर्षे माणसे मारूनही न सापडण्यासाठी सावज निवडावे लागते, वेळ साधावी लागते, पुरावा मिटवावा लागतो, आणि ही सगळी कामे करणारा मेंदूचा भाग तोच आहे. जेम्स फॅलन नावाचे मेंदूशास्त्रज्ञ तर खुन्यांच्या आणि आपल्या कुटुंबीयांच्या मेंदूंची छायाचित्रे चाळत असताना त्यांना एक नमुनेदार थंड मेंदू सापडला, आणि उलगडा केल्यावर तो त्यांचा स्वतःचाच निघाला. संसार, मुलेबाळे, प्राध्यापकी असे सरळ आयुष्य जगून ते २०२३ मध्ये वारले.

मला सर्वांत अधिक विचारात पाडणारा अभ्यास न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातला आहे. तिथे एका वर्षभरात जन्मलेल्या हजारेक मुलांचा पाठपुरावा जन्मापासून चालू आहे. मेंदूतली काही रासायनिक द्रव्ये मोडून टाकणारे एक विकर असते, मोनोअमाइन ऑक्सिडेज-ए, आणि त्याच्या जनुकाचा एक प्रकार हे विकर कमी बनवतो. अवशलोम कॅस्पी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की ज्या मुलांना हा प्रकारही मिळाला आणि ज्यांचा लहानपणी छळही झाला, ती त्या पिढीतल्या पुरुषांत फक्त १२ टक्के होती, पण हिंसक गुन्ह्यांच्या शिक्षांपैकी ४४ टक्के शिक्षा त्यांच्या नावावर होत्या. जनुक तेच, पण घर प्रेमाचे, तर फारसा फरक पडत नव्हता. हा अभ्यास मी बारावीला मोठ्या उत्साहाने सांगत असे, आणि दरवर्षी कोणीतरी विचारायचे, ‘‘मॅडम, मग आपलं जनुक तपासता येतं का?’’ तपासता येते. पण युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे एक तृतीयांश जणांत ते आढळते, आणि शिक्षा झालेल्या त्या मुलांचे गुन्हे म्हणजे मारामाऱ्या आणि हल्ले होते. एकामागून एक शांतपणे माणसे मारणे ही इतकी दुर्मीळ गोष्ट आहे की हजार मुलांच्या अभ्यासात तिचे एकही उदाहरण सापडण्याची शक्यता जवळपास नसते.

दुर्मीळपणाचा हा मुद्दा मी त्या तरुण आईलाही कागदावर मांडून दाखवला. २०११ च्या जनगणनेत, पालघर वेगळे होण्यापूर्वी, ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या एक कोटी दहा लाखांवर होती. समजा, त्यांत असे दहा खुनी दडलेले आहेत, आणि समजा, कोणी अशी चाचणी शोधली जी शंभरात एकदाच चुकते. ती दहाही जणांना बहुधा पकडेल. त्यांच्याबरोबर ती एक लाख दहा हजार निरपराध माणसांवरही बोट ठेवेल. आजची कोणतीही चाचणी, कोणताही तीन लक्षणांचा त्रिकोण, कोणतेही जनुक या काल्पनिक चाचणीच्या पासंगालाही पुरत नाही. मागे वळून पाहिले की प्रत्येक खुन्याच्या आयुष्यात फुटलेले डोके, मार, अपमान, एकटेपण, दिवास्वप्नांत रमलेली क्रूरता यांतले काही ना काही सापडते. डोरोथी ल्युइस यांनी १९८६ मध्ये मृत्युदंडाच्या प्रतीक्षेतले पंधरा कैदी तपासले, तेव्हा पंधराही जणांच्या डोक्याला पूर्वी गंभीर मार लागलेला होता. पण डोके फुटलेल्या माणसांकडून सुरुवात करून खुन्यापर्यंत जाणारी वाट मात्र कुठे दिसत नाही.

इथे आपल्या भाषेचीही थोडी तक्रार करायला हवी. अशा घटनेनंतर वृत्तपत्रे ‘माथेफिरू’ हा शब्द वापरतात, आणि त्या एका शब्दात दोन अगदी वेगळी माणसे कोंबली जातात. एकाचे वास्तवाशी नाते तुटलेले असते, त्याला आवाज ऐकू येतात, कट शिजताना दिसतात. दुसऱ्याला वास्तव लख्ख दिसते, कायदा ठाऊक असतो, समोरच्याच्या वेदना त्याला बुद्धीने समजतात, पण आत काही हलत नाही. या दुसऱ्याला मानसशास्त्रात सायकोपॅथ म्हणतात. रॉबर्ट हेअर यांनी त्याच्यासाठी वीस लक्षणांची, चाळीस गुणांची मोजपट्टी बनवली. त्याआधी, साठच्या दशकात, त्यांनी कैद्यांसमोर आकडे मोजत ‘आता विजेचा झटका बसेल’ असे सांगून तळहाताचा घाम मोजला होता. सामान्य माणसाला आकडा जवळ येतो तसा घाम फुटतो, पण यांना फारसा फुटला नाही. पकडल्या गेलेल्या सीरियल किलरांपैकी बरेच जण या दुसऱ्या प्रकारच्या जवळचे असतात आणि आवाज ऐकणारे फार थोडे. तरी सायकोपॅथीची लक्षणे असलेलेही बहुतेक जण आयुष्यात कोणाचा खून करत नाहीत. ‘नराधम’ हा जुना शब्द मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो, कारण त्यात निदान ‘नर’ शिल्लक आहे.

पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर खुनांच्या वेळी मी महाविद्यालयात होते. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा माणसे मारली गेली आणि मारणारे चौघे कलामहाविद्यालयातले, जवळपास माझ्याच वयाचे विद्यार्थी होते. पुण्याच्या मावशीकडे तेव्हा दिवेलागणीलाच दार बंद व्हायचे. त्या मुलांना आवाज ऐकू येत नव्हते, कोणी त्यांना वेडे ठरवले नाही, आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. एकट्याने जे धाडस झाले नसते ते टोळीत झाले, हे एक स्पष्टीकरण आहे आणि ते बहुधा बरोबरही आहे. पण त्यांच्याबरोबर वर्गात बसणारा आणखी एक जण पहिल्या खुनात सामील होता, आणि तो पुढे माफीचा साक्षीदार झाला. तेच वय, तेच कॉलेज, तेच मित्र. त्याला कोणत्या विकराने थांबवले, असे मी एकदा आमच्या शिक्षककक्षात विचारले होते. कोणी हसले नाही.

रमन राघव मात्र पहिल्या प्रकारचा होता, आणि म्हणूनच तो अपवाद आहे. त्याच्या खटल्यात बचाव पक्षाच्या मनोविकारतज्ज्ञाने साक्ष दिली की त्याला फार जुना पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आहे. आपण मारतो आहोत हे त्याला कळत होते, पण ते कायद्याविरुद्ध आहे हे उमगत नव्हते, असे त्या साक्षीचे म्हणणे होते. कायद्याची कसोटी नेमकी हीच आहे. ती इंग्लंडमधल्या १८४३ च्या मॅकनॉटन खटल्यातून आली, १८६० मध्ये आपल्या दंडसंहितेचे ८४ वे कलम झाली आणि आता न्याय संहितेत २२ व्या कलमात आहे. सत्र न्यायालयाने ती साक्ष मानली नाही आणि १९६९ मध्ये फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने मग मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमले. त्यांच्यासमोर तो, लोक आपले लिंग बदलू पाहत आहेत, अशी आपल्या मनातली कारस्थाने मोकळेपणाने सांगत राहिला. अखेर शिक्षा जन्मठेपेवर आली. त्याने आयुष्य येरवड्यात काढले आणि १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो मरण पावला. खाडीकडे की रुळांकडे, या आमच्या बालपणीच्या वाटणीवर न्यायालयांचीही वर्षानुवर्षे अशी अडचण झाली होती.

त्याला जो आजार होता, साधारण तोच नानामामाला होता. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षे लागली. या आजाराचे बहुसंख्य रुग्ण कधीही हिंसा करत नाहीत. उपचार थांबले किंवा दारू-नशेची जोड मिळाली तर धोका थोडा वाढतो, पण एकंदरीत त्यांच्याकडून इतरांना होणाऱ्या इजेपेक्षा इतरांकडून त्यांना होणारी इजाच अधिक असते, हे मी आता ठामपणे सांगू शकते. १९६८ मध्ये मला त्यातले काही ठाऊक नव्हते. मला फक्त कडी ठाऊक होती.

रमन राघव पकडल्याची बातमी आली त्या संध्याकाळी मामा पडवीत येऊन बसला. वर्तमानपत्रातले छायाचित्र त्याने बराच वेळ पाहिले, मग घडी घालून आईकडे दिले. ‘‘ताई, आता तो येणार नाही ना? मग मी पडवीत झोपतो,’’ तो म्हणाला. आईने मान हलवली. मग तो माझ्याकडे वळला. इतके दिवस रोज न चुकता कडी लावल्याबद्दल त्याने माझे आभार मानले. कोठीच्या दाराला आतून कडी नव्हती, आणि ती बाहेरून तरी लागली आहे ना, हे तो रात्री दोनदा दार ओढून पाहायचा.